थंडीला दिलेला पत्ता

७ डिसेंबर, रविवार

आले बाई एकदाची कोल्हापुरात! निफाडहून निघताना आईनं दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी बॅगेत कोंबली होती, आणि इथं राजारामपुरीत रिक्षातून उतरले तर घामाच्या धारा. शाळेत भूगोल शिकवायची नोकरी मिळाली याचा आनंद आहेच, पण घराचा त्याहून जास्त. वर माझी खोली, खाली मालक बंडूकाका आणि प्रमोदिनीकाकू, आणि गच्चीवर पांढरी, झडपांची लाकडी पेटी. पेटीत थर्मामीटर! लहानपणापासून रोज सकाळी पारा बघितल्याशिवाय चहा न घेणारी मी. असं घर शोधून सापडलं नसतं.

काका इथल्या गारठा मंडळाचे म्होरके. मंडळ म्हणजे आठ-दहा थंडीवेडी माणसं. प्रत्येकाच्या घरी थर्मामीटर, सकाळी आकडा ग्रुपवर टाकायचा, आणि मोसमातला सगळ्यात खालचा आकडा ज्याच्या घरचा त्याला मानाची घोंगडी. मी निफाडची म्हटल्यावर काकांनी हात जोडून विचारलं, पावणं, थोडी थंडी पिशवीतनं आणलीसा काय? मी हसून हसून बेजार.

१४ डिसेंबर, रविवार

आज मंडळासोबत दूध कट्ट्यावर गेले. समोर म्हैस पिळायची आणि फेसाळ दूध तिथंच प्यायचं, हे आपल्याला फार आवडलं. मंडळी कानटोप्या घालून आली होती, आणि कपाळावरून घाम निथळतोय! थंडीचा मान राखायला म्हणे. वारणानगरकडचे आकाराम भाऊ म्हणाले, यंदा थंडी वारणेत बुडाली जणू. पारा वीसच्या खाली यायला तयार नाही.

कुणीतरी गमतीनं म्हणालं, एखादा आकडा ठोकून द्यावा झालं. काका एकदम गंभीर झाले. खोटी थंडी बोलवू नये, म्हणाले, ती येतीच, आणि कुणी बोलावलं त्याचा पत्ता विचारत येती. सगळे खो खो हसले. काका नाही हसले.

२३ डिसेंबर

काका दोन घास खाऊन उठतात. गच्चीवर जातात आणि तोंड पाडून खाली येतात. काकूंनी आज भाकरी थापता थापता डोळे पुसले. डॉक्टरांनी काकांच्या हृदयाबद्दल काही आशा ठेवलेली नाही. पुढचा हिवाळा त्यांना दिसेल असं वाटत नाही. काकांचं एकच म्हणणं, जायच्या आधी एक खणखणीत थंडी बघायची हाय. आणि बाहेर काय, तर पंखे गरगरतायत. मला फार वाईट वाटतंय. एवढंसं मागणं आहे हो त्यांचं.

२८ डिसेंबर, रविवार

केलं. काका-काकू गडहिंग्लजला बारशाला गेले होते. पेटीतला थर्मामीटर काढला आणि माझ्या फ्रिजमध्ये मेथीच्या जुडीशेजारी ठेवला. त्यात एक बारीक सुई असते. सगळ्यात कमी तापमान जिथं झालं तिथं ती अडकून बसते, चुंबकानं सोडवेपर्यंत हलत नाही. सुई सातवर गेल्यावर जागच्या जागी ठेवून आले. कुणाचं काय बिघडलं?

२९ डिसेंबर

काका गच्चीवरून अक्षरशः ओरडत आले. सात! सात! अख्ख्या गल्लीला जिलबी. सुई बघायला मंडळ धावत आलं. आकाराम भाऊंनी डोकं खाजवून विचारलं, आमच्यात एकोणीस आणि तुमच्यात सात कसं वो? काकाच ठासून म्हणाले, माझ्या पेटीचा आकडा हाय, माझ्या नावावर लिवा. मोसम संपायची वाटही न बघता घोंगडी तिथल्या तिथं त्यांच्या खांद्यावर पडली. काका दोन पोळ्या जास्त जेवले.

मन खातंय थोडं. थर्मामीटरला मेथीचं पान चिकटलं होतं, ते मी झटकलं होतं ना? झटकलंच असेल.

२ जानेवारी

काका रोज चुंबकानं सुई सोडवतात, तरी पेटीत आजही सात. मी हात लावलेला नाही. शपथ. गावात पंखे चालू आहेत, आणि काका घोंगडीत गुरफटून बसलेत. काकूंनी दिलेला वाफाळता चहा त्यांनी हातात धरला आणि वाफ गेली. माझ्यासमोर गेली. काका खूश. आली बघ पोरी, म्हणाले.

५ जानेवारी

सुई पाचवर.

काकूंनी गरम पाण्याची पिशवी काकांच्या पायाशी ठेवली, थोड्या वेळानं काढली तर आतलं पाणी माठातल्यापेक्षा गार. डॉक्टरांच्या थर्मामीटरचा पारा चढेचना. त्यांनी दुसरा मागवला, तोही तसाच. मी खाली गेले होते सगळं कबूल करायला. मंडळ जमलं होतं. आकाराम भाऊ म्हणाले, पोरीचा पायगुण चांगला. मी रिकामे कप उचलले आणि वर निघून आले.

उद्या सांगते.

८ जानेवारी

काकांच्या खिडकीच्या काचेवर आतून दव गोठलंय. फक्त त्यांच्या खोलीत. काकू ते फडक्यानं पुसतात, पुन्हा येतं. अगं, माणूस मरतोय तुझ्यामुळं आणि तुला तुझ्या अब्रूची पडलीय! नालायक आहेस तू, अवंतिका.

उद्या नक्की.

१० जानेवारी

सांगितलं. काकू बाजारात गेल्या होत्या. काका हसले. त्यांचे ओठ निळे आहेत. म्हणाले, मेथीचं पान मी पैल्याच दिवशी उचललंतं.

त्यांना ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं. ती पत्ता विचारत आलीती, म्हणाले, तवा मी सांगितलं, हितंच, खालच्या मजल्यावर. वर पोर एकटी ऱ्हाती, तिकडं जाऊ नगंस.

मी पायावर डोकं ठेवलं. कपाळ भाजल्यासारखं झालं, इतके गार पाय. काय करू विचारलं. म्हणाले, मंडळासमोर खरं बोललीस तर थंडी जाईल, न्हाय बोललीस तर मी जाईन. तुझं तू बघ. मला दोन्ही चालतंय.

उद्या रविवार. मंडळ येणार आहे.

११ जानेवारी, रविवार

सगळे आले. मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते — शाळेत कळेल, गावात तोंड दाखवायला — काका टक लावून बघत होते —

मी म्हटलं, चहा टाकते सगळ्यांना.

१२ जानेवारी

काका पहाटे गेले.

अंघोळ घालताना पाणी त्यांच्या अंगावर — मला बघवेना. काकू सारखं म्हणतायत, मनासारखी थंडी बघून गेले, सुखानं गेले.

मी मारलं. मी.

१४ जानेवारी, संक्रांत

सुतक असल्यानं घरात तिळगूळ नाही. मंडळ काकूंना भेटायला आलं. आकाराम भाऊंनी घोंगडी माझ्या खांद्यावर घातली. काकांची पेटी आता तुमच्या नावावर, म्हणाले. तेव्हा तरी — तेव्हा तरी बोलायचं होतं. काकू कौतुकानं बघत होत्या. मी वाकून नमस्कार केला.

घोंगडी ओली असल्यासारखी गार आहे. काढली तरी खांदे तसेच.

१५ जानेवारी

शाळेत गेले नाही. आईचे दोन्ही स्वेटर, शाल. दुपार आहे, बाहेर ऊन रणरणतंय. खालून काकूंच्या पंख्याचा आवाज येतोय. काकांची खिडकी स्वच्छ आहे. दव आता माझ्या —

चहा ओतला, कप हातात धरला. वाफ गेली.

ग्रुपवर लिहायचं आहे. बोट उमटत नाही फोनवर, मेल्या माणसाचं असल्यासारखं. पेन धरता येतंय अजून. इथंच लिहिते, मग काकूंना वाचायला देते, त्या मंडळाला —

फाटक वाजलं.

कुणीतरी काकूंना काहीतरी विचारतंय. आवाज येत नाही, फक्त काकू बोलतायत. व्हय व्हय, म्हणतायत, हितंच ऱ्हाती की. वरच्या मजल्यावर.

काकू नका — नका सांगू —

हाक मारतायत. किती प्रेमानं हाक मारतायत. अवंतिका, पावणं आलंय गं तुझ्याकडं!

जिना — पायऱ्या पांढऱ्या होत वर —

लिहिते, आत्ता लिहिते, तो सातचा आकडा खोटा होता, तो काकांचा नव्हता, तो मी