शनिवारची म्हातारी

मुंबई, ५ फेब्रुवारी १९६४

तीर्थरूप आयेच्या पायांवर विनीताचं डोकं.

मी बरी आहे. खोकला गेला. तुझा पाय आता जमिनीला टेकतो का? लाकडांना घाटात चढू नकोस, वहिनी जाईल.

रेडिओवरच्या माझ्या म्हातारीला पोतंभर पत्रं येतात. तिचं मीच लिहिते, मीच बोलते, पण बोलणं सगळं तुझं. तू म्हशीला घालतेस त्या शिव्या ती सुनेला घालते आणि लोक हसतात.

कुशादादा, पुढचं आयेला ऐकवू नकोस, मनात वाच.

चार वर्षं मी दर शनिवारी म्हातारीच आहे. यंदा एका शिक्षिकेचं गंभीर नाटक लिहिलं. रेडिओच्या साहेबांनी शिक्षिकेचं काम दुसरीला दिलं. म्हणाले, "तुम्ही तोंड उघडलंत की लोक हसणारच."

तुझी तार आली तेव्हा तालीम चालू होती. मी रडतच म्हणाले, "माजी आय पडली, मला घरला जावाचा हाय." सगळे पोट धरून हसले. तार दाखवली तेव्हा त्यांना खरं वाटलं. मी रजा मागितली. साहेब म्हणाले, "वाईट झालं हो, पण म्हातारीला टाकून कसं चालेल?"

आता मोठ्यानं वाच.

आये, एवढ्यात यायला जमत नाही. शनिवारी दादा तुला पंचायतीच्या रेडिओपर्यंत पाठुंगळी नेईल. म्हातारी बोलायला लागली की सगळ्यांच्या आधी तू हस, गो.

तुझी विनी