घरच्या बाटलीवरची तिथी

मी, काशिनाथ चिंधा बोरसे, वय सत्तावन्न, धंदा शिक्षकी (विषय दोन, संस्कृत व मराठी, विद्यार्थी दरवर्षी कमी), राहणार लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आणि डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याचा उल्लेख मुद्दाम केला, कारण गेल्या मंगळवारी, सात जुलैला, त्याच डोक्यावर सॉसच्या बाटलीचं बूच येऊन आदळलं. डाव्या भुवईच्या वर रुपयाएवढं टेंगूळ आहे, ते साक्षीदारांना दाखवलं आहे.

स्वयंपाकघराचं छत दहा फूट उंच, रुंदीही पुरेशी. एवढं आकाश मोकळं असताना बुचाला माझंच कपाळ का दिसावं, ही माझी पहिली तक्रार. दुसरी अशी, की घरात ‘लागलं का?’ असं एकानेही विचारलं नाही. चिरंजीव ललित आधी भिंतीवरचे लाल शिंतोडे पुसायला धावले, कारण रंग दिवाळीतच दिलेला होता. भिंतीला जो मान आहे तो मला असता, तर हा दस्त मी आणखी दहा वर्षं लांबवला असता.

परंतु बुचाच्या माराने मी हे लिहायला बसलो असं कोणी समजू नये. खरा धक्का त्याच्या चार दिवस आधीचा आहे आणि तो अजून उतरलेला नाही. तो कलम तीनमध्ये येईल. आधी घर.

कलम १. लिंबायतमधलं दोन खोल्यांचं घर माझ्या पश्चात माझी पत्नी तारा हिचं. ती आहे तोवर त्यातला खिळासुद्धा कोणी तिला न विचारता हलवू नये; अपवाद एकच, गॅसच्या शेगडीवरची फळी. ती मी गेल्यावर नव्हे, याच आठवड्यात काढायची आहे. उन्हाळ्यात त्या फळीवर हात ठेवला तर पोळीसारखा फुगेल, आणि मी तिथे घरच्या सॉसच्या बाटल्या ठेवायचो. मंगळवारचं बूच तिथल्याच एका बाटलीचं. ‘हाताशी असतात,’ हे माझं समर्थन होतं. तारानंतर घर ललित आणि उज्ज्वला यांचं, सारख्या वाट्याने. उज्ज्वला सासरी आहे म्हणून तिचा वाटा कमी, असं जो म्हणेल त्याला मी शाळेत शिकवलेलं नाही.

कलम २. बँकेतली ठेव आणि शाळेकडून मिळेल ते सगळं तारा हिचं. यात सांगण्यासारखं काही नाही. शिक्षकाची ठेव थोडक्यात आटोपते.

कलम ३. हे कलम कायद्याला नको असेल, मला हवं आहे.

तारा बावीस वर्षं लाल मिरचीचा सॉस करते. होळीनंतर नंदुरबारची मिरची येते. मग मिरची, लसूण, मीठ, व्हिनेगर, आणि शेवटी तिच्या हाताचं काहीतरी, जे तिने मला कधी सांगितलं नाही. विकायच्या बाटल्या लोचो या सुरती नाश्त्याच्या आणि वडापावच्या लाऱ्यांवर, म्हणजे हातगाड्यांवर, जातात. चार-पाच बाटल्या घरासाठी वेगळ्या करते आणि त्यांत व्हिनेगर निम्मं घालते, कारण आंबट मला सोसत नाही अशी कुरकुर मी लग्नापासून करत आलो आहे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहितो. तिथीने लिहितो. गिऱ्हाईक हसतं, मी हसू देतो. बंद बाटलीची मुदत तीन महिने. या वर्षीच्या घरच्या बाटल्या फाल्गुन वद्य पंचमीला भरल्या, म्हणून चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘ज्येष्ठ वद्य पंचमीपर्यंत सेवन करावे.’

या वर्षी ज्येष्ठ दोन आले. आधी अधिक, मग निज.

दोन जुलैच्या दुपारी, गुरुवारी, ताराने फळीवरची घरची बाटली काढली. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी झाली होती. मी पलीकडच्या खोलीत होतो. माझा गुरुवारचा उपवास. बूच निघताना फुस्स असा आवाज झाला तो मी ऐकला. सोडा फोडल्यासारखा. ती दारात आली, बाटली पुढे धरली आणि म्हणाली, “देखा बरं जरासं. चालेल ना आजून?”

तिने बाटली माझ्या नाकापुढे धरली होती, हे मला आज दिसतं. तेव्हा मी पंचांग उघडलं.

तिला म्हणालो, “आज निज ज्येष्ठ वद्य तृतीया. मुदतीला दोन दिवस आहेत.”

“पन होळीपासून चार महिने व्हई गयात ना?”

“अधिक मास मंगल कार्यात धरत नाहीत. सॉस हे मंगल कार्यच. तो महिना वजा कर.”

ती हसली. इतक्या वर्षांत माझ्या शास्त्रार्थाला ती जेवढी हसली तेवढंच हसली, आणि आत जाऊन जेवली. मी उपाशी होतो म्हणून वाचलो. उपवासाचं पुण्य इतक्या लाजिरवाण्या रीतीने मिळेल असं वाटलं नव्हतं.

संध्याकाळपासून उलट्या. रात्री दवाखाना. चार दिवस सलाईन. अठ्ठेचाळीस किलोची बाई चादरीखाली दिसेनाशी झाली. ललितने घरी जाऊन उघडलेली बाटली गटारात ओतली आणि परत येऊन खाटेपाशी उभा राहिला. मी त्याला अधिक मासाचा हिशेब समजावू लागलो. पोरगा कारखान्यात गुजरातीच बोलतो, रागावला की घरीही. म्हणाला, “पप्पा, मरचाने शी खबर के अधिक मास छे?”

मिरचीला काय ठाऊक. ज्याला मी पाचव्या वर्षी संधी-समास शिकवले त्याने माझं खंडन परभाषेत आणि एका वाक्यात केलं.

पण हाही धक्का नव्हे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ताराला विचारलं, “बाई, बाटली उघडल्यावर वास नाही आला?”

तारा माझ्याकडे न बघता म्हणाली, “माले वास येत नही. दोन वरीस व्हयनात. त्या तापपासून.”

दोन वर्षं. मी त्याच घरात राहतो. गंध हा पृथ्वीचा गुण आणि तो नाकाने कळतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. धुरावरून अग्नी ओळखावा, हे उदाहरण तर माझं पाठ आहे. आणि गेल्या दिवाळीत दूध करपून घरभर धूर झाला, तारा हाताच्या अंतरावर लसूण सोलत बसली होती, तेव्हा मी अनुमान काय काढलं? की बायकोचं लक्ष नाही. वर त्यावर विनोद केला. सुनेने ऐकला आहे, तिला विचारावं.

“मला सांगितलं का नाहीस?” मी विचारलं.

“काय सांगू? जिना नाकवर धंदा, तिनं नाकच गये?” मग तीच म्हणाली, “लारीवाला घेतात का मग सॉस?”

“आणि दोन वर्षं काम कसं केलंस?”

“डोळानी. कानानी. आन तारीख बाटलीना बुडाले.”

घरी येऊन पाहिलं. विकायला ठेवलेली प्रत्येक बाटली उलटी केली. प्रत्येकीच्या बुडाला नखांच्या रंगाने बारीक आकडे: भरल्याचा दिवस, इंग्रजी महिना. सुवर्णा, म्हणजे सूनबाई, म्हणाल्या, “तीन वर्षं झाली, बाबा. त्या वेळी अधिक श्रावण आला होता ना, तेव्हापासून आई टाकतात. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या.”

म्हणजे माझी चूक तिला तीन वर्षांपूर्वीच कळली होती. माझं अक्षर वर, तिची तारीख खाली. माझा मान राहिला आणि गिऱ्हाईकही राहिलं. फक्त घरच्या बाटल्यांच्या बुडाला काहीच नव्हतं. मी दवाखान्यात परत गेलो आणि का, ते विचारलं.

“इकानी बाटलीसंगे तुम्ही जातस का? नही. म्हनीसन तारीख. घरनी बाटलीले तुम्ही शेतसच ना घरमा.”

विकलेल्या बाटलीबरोबर मी जात नाही, म्हणून तिच्यावर तारीख. घरच्या बाटलीसाठी मी आहेच घरात. हा तो धक्का.

कलम ४. सॉसचा धंदा, मिक्सर, मोठं पातेलं, बाटल्या आणि फ्रीजचा खालचा कप्पा तारानंतर सुवर्णा हिला. घरात पाकिटावरची तारीख वाचून पाकीट उघडणारी ती एकटीच आहे. पुढचं ज्ञान मी डॉक्टरांकडून, ताराकडून आणि कपाळावरून मिळवलं, तेही तिला देतो. बाटल्या आणि बुचं उकळून पूर्ण कोरडी करावीत. थेंबभर पाणी पुरतं बिघडायला. व्हिनेगर कोणाच्याही कुरकुरीवरून कमी करू नये, नवऱ्याच्या तर नाहीच. आंबटपणा हाच सॉसचा पहारेकरी. बंद बाटली अंधारात, गारव्यात, शेगडीपासून लांब. उघडली की फ्रीजमध्ये, आणि ओला किंवा उष्टा चमचा आत नाही. वरचा थर काळपट लाल झाला किंवा पाणी सुटून खाली गाळ बसला, तर घाबरू नये, हलवून घ्यावी. म्हाताऱ्याचा रंग उतरला म्हणून म्हातारा नासत नाही. पण बूच फुगलं, उघडताना फुस्स झालं, फेस वर आला, गळ्याशी पांढरी-हिरवी बुरशी दिसली, किंवा दारूसारखा, कुजका वास आला, तर बाटली गेली. बुरशी काढून खालचं वापरू नये. आणि लसूण तेलात बुडवून बाहेर कधीच ठेवू नये. त्यातलं विष वास देत नाही, चवही देत नाही. म्हणून नाक शाबूत असलं तरी तारीख हवीच. शंका आली की टाकावं, बोटाला लावून चाखून बघू नये. घरातल्या बायकांनी हे बोट सोडावं, एवढी माझी विनंती.

कलम ५. पर्वत पाटिया भागात लोचोची लारी लावणारे गजेंद्र यांना माझी मोठी छत्री आणि थर्माकोलचा डबा. हे प्रेमाने नव्हे. सहा वर्षं ते आमची बाटली भर उन्हात ठेवतात, पातळ व्हावा म्हणून नळाचं पाणी घालतात, आणि रिकामी होण्याआधी नवी जुनीत ओततात. मी हटकलं तर म्हणायचे, “मास्तर, तिखटाले काय होते जी! त्यात किडाबी जगत नाही.” मी हसून सोडून द्यायचो, कारण शुद्ध उच्चार सोडून इतर कशासाठी भांडायची मला सवय नव्हती. छत्री बाटलीवर धरावी, डब्यात बर्फ ठेवावा, जुनी बाटली संपवून धुवावी. नाहीतर सॉस बंद करण्याचा अधिकार सुवर्णाला आहे.

कलम ६. पत्र्याच्या पेटीतली एकतीस पंचांगं उज्ज्वलाला. तिने ती सणवारासाठी वापरावीत. खाण्याच्या कुठल्याही वस्तूवर तिथी लिहू नये. मीही सोडलं आहे. परवा लोणच्याच्या बरणीवर मी ‘१० जुलै’ लिहिलं तेव्हा तारा म्हणाली, “आता मरतस की काय तुम्ही?” हा दस्त त्यानंतरच काढायला घेतला.

कलम ७. तारासाठी वास घेण्याचं काम मी हयात असेतो माझ्याकडे. दूध, डाळ, बाटली, काहीही. ती पुढे धरील तेव्हा पुस्तक मिटून घ्यायचं. माझ्या पश्चात हे काम ललितकडे. हा वाटा नाकारता येणार नाही, विकता येणार नाही, आणि बायकोवर ढकलता येणार नाही. मुलानेच घ्यायचा. ताराने विचारलं की गुजरातीत उत्तर दिलं तरी चालेल, पण आधी नाक लावायचं.

हे मृत्युपत्र अमलात आणण्याचा अधिकार सुवर्णाला. ज्यांना काही मिळतं त्यांना साक्षीला बसवू नये म्हणून गजेंद्र यांना छत्री देऊन बाहेर बसवलं आहे. वाचून पाहिलं, समजलं, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

स्थळ: लिंबायत, सुरत.
तारीख: १२ जुलै २०२६, रविवार. (तिथी लिहिलेली नाही.)

सही: काशिनाथ चिंधा बोरसे

साक्षीदार:
१. गोपाल महाजन, रिक्षाचालक, शेजारी. (सही)
२. कुसुम वाघ, शिक्षिका, माझ्याच शाळेत. (सही)

सह्यांच्या खाली लिहिलेलं कायदा धरत नाही म्हणतात. म्हणून हे इथे लिहितो, नुसतं वाचण्यासाठी.

बाटलीला मी आता तारीख घालीन. फळी निघेल. ललित सांगितलं तर वासही घेईल, पण तो सकाळी आठला कारखान्यात जातो, सुवर्णा नऊला, आणि माझ्या पश्चात दिवसभर घरात तारा एकटी असेल. दुपारी ती शेगडी पेटवते. मी नसताना कधी गॅस सुटला, तर तिला कळणार नाही. मला याचीच भीती वाटते.