गोड विहिरीशेजारचा बोअर

४ फेब्रुवारी, तेल्हारा
ओमप्रकाशचं डोकं फुटलं! तो बोअरचं मशीन चालवत असतानाच दगड आला, कानाच्या वर बसला आणि तो धाडकन खाली. माझा कुर्ता त्याच्या रक्ताने कडक झालाय.

आमचा गुन्हा काय? इथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र बांधलं तर जमिनीचं-पाण्याचं काय होईल, ते तपासायला आलो. बांधायला नाही — तपासायला! पाया पेलेल का, त्यासाठी मातीची चाचणी, चाचणीसाठी बोअर. आणि गावाचा नियम — इथल्या गोड्या विहिरीच्या जवळ बोअर मारायचा नाही. सगळा पट्टा खारपाणाचा, जमिनीखाली खारंच पाणी; पिण्याजोगी ही एकच विहीर. वावराचे मालक उत्तमराव कुऱ्हाड घेऊन मशीनसमोर उभे. "सख्ख्या भावाचा हात मोडला म्या बोअरपायी. तुमी कोन लागून गेल्या?"

हे अभिमानाने सांगतात! असल्या दादागिरीला मी भीक घालत नाही.

जखम धुवायला पाणी त्यांच्याच सुनेने दिलं, शकुनने. उरलेलं मी प्यायले. खरंच गोड.

५ फेब्रुवारी
अहवालात मी ही जागा नाकारणारच आहे. विहिरीसाठीच! पण चाचणी अर्धवट राहिली तर अहवाल परत येईल, ऑफिसातून हेमचंद्र सरांनी फोनवर दोनदा बजावलं. म्हणजे मी यांची विहीर वाचवायला निघालेय आणि हे मलाच दगड मारताहेत.

ओमप्रकाश डोक्याला पट्टी बांधून आला. "मॅडम, वावराच्या त्या टोकाले मारू ना बोअर. काहून जिद्द करून राहिल्या?"
नाही. तिथेच. विहिरीशेजारीच.

७ फेब्रुवारी
पोलिसांत जबाब दिला. दगड कुणी मारला ते मी पाहिलं नव्हतं. उत्तमरावांचं नाव सांगितलं — कुऱ्हाड होतीच ना हातात!

बंदोबस्त आला. उत्तमरावांना मशीनपुढून हटवायला चौघे पोलीस लागले. कापसाच्या पऱ्हाटीच्या धसकटांवरून फरफटत गाडीपर्यंत नेलं, गुडघे सोलून निघाले. शकुन आडवी झाली तर तिलाही ढकललं. ती उठली आणि माझ्या तोंडावर थुंकली. मी तिथेच उभी राहून ओरडले — चालू कर रे मशीन!

ओमप्रकाशने मान खाली घालून बोअर पूर्ण केला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

८ फेब्रुवारी
तोंड किती वेळा धुतलं.

१९ फेब्रुवारी, अमरावती
अहवाल गेला! 'गोड्या पाण्याचा एकमेव स्रोत धोक्यात येईल, सबब जागा अयोग्य.' सर म्हणाले, झकास. कळेल आता गावाला, मी कोणाच्या बाजूची होते ते.

३ मार्च, तेल्हारा
शेवटचा पाण्याचा नमुना घ्यायला गेले. शकुन विहिरीवर होती. तिने माझे केस धरले आणि तोंड बादलीत दाबलं. "पी! पी म्हनतो ना! मामंजीले उचलून नेलं, आता पी!"

नाकातोंडात पाणी गेलं. खारट. शुद्ध खारट!

ओमप्रकाशने सोडवलं तेव्हा ओठ फुटला होता. त्याच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही. चिकणमातीच्या थराखाली खारं पाणी दबून होतं. आम्ही त्या थराला भोक पाडलं आणि ते वर चढलं. मी भूजलच शिकलेय! हे मला माहीत असायला हवं होतं — माहीत होतंच. रागाच्या भरात दिसलं नाही.

५ मार्च
बोअर सिमेंटने बुजवला. विहीर खारीच राहिली. सरांना सगळं कळवलं, कारणासकट.

२० मार्च, अमरावती
सरांचा फोन. आवाज खुशीत. "विहीर खारी निघाली ना? मग आपला आक्षेपच उरत नाही. जागा मंजूर झाली!"

कारणाचं कुणी विचारलंही नाही.

उत्तमराव अजून अकोल्याला तुरुंगात आहेत. माझ्या जबाबावर.