हरवलेला उसासा

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग शब्दशः घेऊ नकोस. कंबर धरली आहे. एकदा आडवा झालो तर उभं करायला दोन माणसं लागतील, आणि आमच्या घरात तुझी भावजय एकटीच. तीही हाक मारल्यावर येतेच असं नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की नुसता कागद कपाटाला चिकटवून ठेवला आहेस? भाऊजींची तब्येत विचारत नाही, कारण ती नेहमी उत्तमच असते आणि ते ती स्वतःच सविस्तर सांगतात. जन्मभर लिफ्ट तपासण्याची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस जरा तरी थकेल असं वाटलं होतं, पण हे आणखीच तरतरीत झाले. अजून हातात तो लांब चोचीचा तेलाचा डबा घेऊन घरभर हिंडतात का? मागच्या खेपेला आलो तेव्हा तुमच्याकडचं एकही दार कुरकुरत नव्हतं. माणूस खोलीत आल्याचंही कळेना. मी दोनदा दचकलो आणि एकदा चहा सांडला.

पत्राला तसं विशेष कारण नाही. खुशाली कळवावी, एवढंच. माझं ठीक चाललं आहे, फक्त माझा टोन गेला आहे. गवयाचा गळा जावा तसंच हे, फरक इतकाच की गवयाला लोक निदान गरम पाणी तरी आणून देतात. तुला हे नव्याने सांगायला नको, पण पत्र भाऊजीही वाचणार (तू त्यांच्यापासून काही लपवत नाहीस, हा तुझ्यातला एकच दोष), म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. मी वाजवतो ती पेडल स्टील गिटार. ती गळ्यात अडकवून उड्या मारायची नसते. टेबलासारखी चार पायांवर उभी असते. वर दहा तारा, डाव्या हातात त्यांच्यावरून सरकवायची पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या, डाव्या पायाखाली सूर चढवायची पेडलं, उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं पेडल, आणि शिवाय दोन्ही गुडघ्यांनी इकडेतिकडे ढकलायच्या दांड्या. एक सूर काढायला एवढे अवयव कामाला लागतात, त्यामुळे वाजवणारा बसल्या जागी सारखा हलत असतो. इतकं सगळं असूनही आमच्या नव्या घरमालकीणबाईंनी सामान चढवताना विचारलंच, की तुमचं इस्त्रीचं टेबल एवढं जड कसं.

या वाद्यावर मी संसार केला, पण कसा ते ऐक. सुरुवात हॉटेलात, लोक जेवत असताना. तिथे माझं मुख्य काम काट्याचमच्यांचा आवाज झाकणं. पुढे समारंभांचे हॉल, मग स्टुडिओ. स्टुडिओत मला फक्त रडायला बोलावतात. नायिकेला नकार आला की मी. कोणी सामान बांधून निघालं की मी. मध्यंतरी डोकेदुखीच्या गोळीच्या जाहिरातीत होतो; डोकं दुखत असेपर्यंत मी, गोळी घेतली की मला थांबवून बासरी सुरू. आनंदाच्या प्रसंगाला मला आजवर कोणीही बोलावलेलं नाही. माझ्या स्वतःच्या लग्नात मी हौसेने वाजवायला बसलो, तर बँडमास्तरांनी हात धरून उठवलं. म्हणाले, तू नको रे, मुलीकडचे घाबरतील.

तरी एका गाण्याने माझं नाव झालं हे तू नाकारू नकोस. तेच ते निरोपाचं गाणं. त्यात प्रत्येक ओळीच्या आधी माझ्या गिटारीतून एक बारीक उसासा येतो आणि मग सूर लागतो. त्या उसाशाने लोकांना वेड लावलं. एका टीकाकाराने लिहिलं की या वादकाच्या हाती साक्षात लाकूड हुंदका देतं. (कात्रण फ्रेम करून लावलं आहे. तुझी भावजय त्यावर ओला टॉवेल वाळत घालते.) मी त्या उसाशावर भाषणं दिली, वर्ग घेतले. कांडी तारेवर ठेवताना मनगट किती कलवावं, श्वास कुठे रोखावा, मनात कोणतं दुःख आणावं, सगळं शिकवलं. विद्यार्थ्यांनी जिवापाड मेहनत केली. उसासा एकालाही जमला नाही. एकाचं मनगट मात्र कायमचं कललं. आणि अशा या उसाशाबद्दल तुझ्या यजमानांचा अभिप्राय काय होता, आठवतं? भर कार्यक्रमानंतर, हार गळ्यात असताना, सगळ्यांसमोर मला म्हणाले, "वाजवलंस छान, तेवढं स्टुलाला तेल घाल." त्यानंतर कितीतरी दिवस मी तुमच्याकडे फिरकलो नाही. रेकॉर्डिंग आहे असं सांगायचो. रेकॉर्डिंग वगैरे काही नव्हतं, मला राग आला होता. ज्या माणसाने लिफ्टच्या दोरखंडापलीकडे आयुष्यात तार पाहिली नाही, त्याने टोनवर बोलावं!

तर आता तेच गाणं नव्याने रेकॉर्ड होतंय, येत्या शनिवारी. संगीतकार साहेबांनी निरोप पाठवला, तोच उसासा हवा, अगदी तसाच. मी तयारीला बसलो आणि उसासा येईना. सूर येतो, गोड येतो, पण त्याच्या आधी काहीच नाही. साहेबांनी बोलावून ऐकलं, डोळे मिटले, उघडले, आणि कोपऱ्यात बसलेल्या कीबोर्डवाल्याकडे पाहिलं. याला आम्ही बटणवाला म्हणतो. त्याच्या पेटीत स्टील गिटारचं एक बटण आहे. दाबलं की गिटारीला सर्दी झाल्यासारखं काहीतरी वाजतं. दिसायला गरीब, नमस्कार वाकून करतो, आणि गेली काही वर्षं एकेक करून सगळ्यांच्या खुर्च्या त्याने त्या पेटीत घातल्या आहेत. आधी व्हायोलिनवाले गेले, मग बासरीवाला. आता त्याची नजर माझ्यावर आहे. शनिवारी उसासा आला तर गाणं माझं, नाही तर त्याचं. ताई, माझ्याकडे दुसरं गाणं नाही. लोक मला ओळखतात ते या एकाच गाण्याने. ते बटणात गेलं तर मी राहिलो कुठे?

म्हणून टोनच्या मागे लागलो. तारवाल्याकडे गेलो, तो म्हणाला दोष तारांचा. तारा बदलल्या. अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याने खोका उघडून आत पाहिलं आणि डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, तारांना काय करायचंय, जीव सगळा आतल्या काचेच्या नळ्यांत. त्या बदलल्या. सुतार म्हणाला, लाकूड सुकलंय, याला ओलावा द्या. मी आठवडाभर गिटार ओल्या चादरीखाली ठेवली. तिला काही झालं नाही, मला सर्दी झाली. माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या एका वादकाने (ते आता वाजवत नाहीत, फक्त मत देतात) सांगितलं की टोन बोटांत असतो आणि तुझी बोटं आता सुखवस्तू झालीत. मग मी बोटांना दुःख दिलं, म्हणजे घरची भांडी घासली. त्याने टोन आला नाही. तुझ्या भावजयीने मात्र हा उपाय महिनाभर चालू ठेवावा असा आग्रह धरला. शेवटी अँप्लिफायर कपड्यांच्या कपाटात ठेवून पाहिला, बाथरूममध्ये ठेवून पाहिला. बाथरूममध्ये जरा आशा वाटली, पण तो आवाज नळाचा निघाला.

सामानात कमी म्हणावं तर तसंही नाही. गेल्या वर्षीपासून मी सगळं उत्तमातलं घेत आलोय. कांडी परदेशी, केबल सोनेरी टोकाची, बसायलाही आता खास वादकांची गादीची बैठक, खाली खण, त्यात नख्या आणि स्क्रू पिळायचे पाने ठेवता येतात. म्हणूनच तर ते जुनं लाकडी स्टूल तुमच्या नव्या घराला भेट दिलं आणि चार शब्द बोललो, की ज्यावर बसून या भावाने कला केली ते आसन तुझ्या घरी असावं. (ते मुळात तुझ्याच स्वयंपाकघरातून मी नेलं होतं, हा मुद्दा भाऊजींनी पाहुण्यांसमोर काढायला नको होता.) एवढं भारी सामान झाल्यावर टोन सुधारायला हवा होता. पण कलेचं असंच असतं. आता मी मन घट्ट केलं आहे. शनिवारी जे होईल ते होईल. बटणवाला तर बटणवाला. मला कशाचीच हाव राहिलेली नाही.

गुडघ्यांना जप. भाऊजींना नमस्कार सांग, त्यांनी विचारलं तरच.

टोन गेलेला, पण तुझाच,
धाकटा भाऊ

ता. क. सहज आठवलं म्हणून. ते स्टूल अजून आहे ना? जुन्या वस्तूंची ओढ लागते या वयात. शुक्रवारपर्यंत कोणाबरोबर पाठवलंस तर डोळ्यांसमोर राहील. पुसू नकोस, आहे तसंच पाठव.

दुसरा ता. क. तुला हे पटणार नाही, हे मला पाकीट चिकटवताना कळलं. म्हणून पुन्हा उघडलं. खरं काय ते सांगतो, पण तुझ्यापाशीच ठेव. परवा स्टुडिओत रेकॉर्डिस्टबाईंनी जुनं गाणं लावलं. आता अशी मशीन निघाली आहेत की जुन्या रेकॉर्डमधली वाद्यं सुटी करता येतात. म्हणाल्या, सर, तुमचा उसासा नीट ऐकू, म्हणजे सापडेल. त्यांनी गायिका बंद केली. ड्रम बंद केले. मग गिटार बंद केली. उसासा चालूच. एकटा, स्वच्छ, प्रत्येक ओळीच्या आधी. ताई, ते स्टूल होतं. दांडी ढकलायला मी डावा गुडघा हलवायचो, स्टुलाचा पाय कुरकुरायचा, आणि त्यानंतर माझा सूर यायचा. टीकाकाराने लाकूड हुंदका देतं असं लिहिलं होतं, तो बिचारा खरंच बोलला होता. मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? एवढी वर्षं मी ज्याच्यावर भाषणं केली ते माझ्या खाली होतं. बाई मागून आल्या, म्हणाल्या, "सर, तुम्ही बरोबर जागी हललात म्हणून ते बरोबर जागी वाजलं. साहेबांना मी काही बोलणार नाही." बाई भल्या आहेत. तेव्हापासून मी फर्निचरच्या दुकानांतून स्टुलांवर बसत हिंडतोय. दुकानदार अभिमानाने सांगतात, सर, जन्मात आवाज करणार नाही. मी उठून चालू लागतो.

तिसरा ता. क. आता खरी भीती सांगतो. तुमच्या घरात ते स्टूल वर्षभर आहे आणि त्याच घरात तेलाचा डबाही आहे. भेट दिली त्याच दिवशी भाऊजींनी ते उलटं करून पाय तपासले होते, हे मी पाहिलंय. त्यांनी त्याला तेल घातलं असेल, खिळा मारला असेल, तर त्यांना सांग, ते जसं होतं तसं करून द्या. ज्याने जन्मभर कुरकुर काढली त्याला ती परत घालताही येत असेल. आणि स्टूल दुसऱ्या कोणाबरोबर पाठवू नकोस, भाऊजींनाच घेऊन येऊ दे. शनिवारी त्यांना मी काचेपलीकडे रेकॉर्डिस्टबाईंच्या शेजारी बसवणार आहे. उसासा बरोबर आला की नाही हे सांगायला मला त्यांचाच कान लागेल, कारण एवढ्या वर्षांत माझा टोन खरोखर ऐकलेला माणूस तो एकटाच निघाला. निघताना तेलाचा डबा मात्र त्यांच्या हातातून काढून घे.