परमुलखी बाईची अट

मी लंकाबाई भिमाजी धोत्रे, वय अंदाजे साठ, धंदा दगडफोड, राहणार मौजे कातळवाडी, तालुका पारनेर, जिल्हा अहमदनगर, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र शलमोन मास्तरांकडून लिहवून घेत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. घालणारा अजून जन्मायचा आहे.

‘राहणार’ हा शब्द मास्तरांनी सहज लिहिला. तो मिळवायला मला तेवीस वर्षे लागली. रझाकारांच्या धामधुमीत निजामाच्या मुलखातून आम्ही सात बिऱ्हाडे नेसत्या कपड्यांनिशी इकडे आलो. कागद एकही नव्हता. गावची विहीर आणि शाळा आम्हीच बांधली, पण रेशनकार्ड मागितले की सरपंच रंगनाथ अण्णा म्हणत, “परमुलखी लोक हाय तुमी.” मी दर सालच्या ग्रामसभेत उभी राहायचे. अण्णा म्हणायचे, “तुला बोलायचा हक्क न्हाई, भाईर हो.” मी म्हणायचे, “हुते. पर मला भाईर काढली एवढं बुकात लिवा.” ग्रामसेवक लिहायचे, अण्णा खाली सही ठोकायचे. पुढे मामलेदारांनी गावात राहत असल्याचा पुरावा मागितला, तेव्हा मी त्या अकरा पानांच्या नकला त्यांच्यापुढे ठेवल्या. गेल्या निवडणुकीत सातही बिऱ्हाडांनी मत दिले. मला याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

आता वाटणी. दगड फोडायची सुतकी, घण आणि पहार सून बनुबाईला. तिचा हात माझ्यापेक्षा नेमका आहे.

दगडी घर मुलगा सहादेव याला, पण अटीवर. यंदाच्या दुष्काळात वस्तीशेजारी नऊ बिऱ्हाडे येऊन उतरली आहेत. कागद नाहीत म्हणून मुकादम त्यांना खडीच्या कामावर घेत नाही. परवा सहादेव त्यांना म्हणाला, “परमुलखी लोक तुमी, फुडं व्हा.” पोटच्या पोराच्या तोंडून ते ऐकून मला लाज वाटली. तरी त्याने येत्या ग्रामसभेत उभे राहून त्या नऊ बिऱ्हाडांची नावे मोठ्याने वाचावीत. न वाचल्यास घर बनुबाईचे, आणि नावे ती वाचील. सहादेवला घरात ठेवायचे की नाही, तेही तीच ठरवील.

रंगनाथ अण्णांवर माझा राग उरला नाही, असे लिहू का, म्हणून मास्तरांनी विचारले. तसे लिहू नये. थोडा आहे.

हे सर्व वाचून दाखवल्यावर सहादेव म्हणाला, “आन मला भाईर काढलं तर?”

“काढलं म्हून लिवून घे, आन म्होरल्या साली परत उभा ऱ्हा,” असे मी त्यास सांगितले. तेही या कागदात धरावे.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा : लंकाबाई भिमाजी धोत्रे

साक्षीदार :
१. रंगनाथ दगडू ठुबे, माजी सरपंच. लिहून देणार बाईस पंचवीस वर्षे ओळखतो.
२. कानिफनाथ भाऊ औटी, शेतकरी.

हस्ताक्षर : शलमोन प्रभुदास साळवे, शिक्षक

मु. कातळवाडी, दि. ११ फेब्रुवारी १९७३