तिवरोळीचा कोमट चिखल

३ जानेवारी २०२६, शनिवार. बोरिवली

आले एकदाची! कणकवलीहून अकरा तास बसमध्ये बसून पाठीचा पार काटा ढिला झाला, पण दारात अनुपमाने भाकरतुकडा ओवाळून टाकला तेव्हा हसूच आलं. धाकटी बहीण माझी, आणि मला नव्या नवरीसारखं घरात घेते. तिची लेक ऋतिका अकरा वर्षांची. तिने आपल्या कपाटातले दोन कप्पे रिकामे करून वर स्केचपेनने 'क्षमामावशी' अशी चिठ्ठी डकवून ठेवली आहे. मधल्या 'मा'ला दोन डोळे आणि मिशा.

घर सहाव्या मजल्यावर. गॅलरीतून गोराईची खाडी दिसते, तिवरांचा हिरवा पट्टा, पलीकडे पॅगोडाचं सोनेरी टोक. संध्याकाळी वारा छान येतो. अनुपमाने सुरमई तळली. दोन घास जास्त गेले.

यज्ञेशला, माझ्या नवऱ्याला, जाऊन चौदा महिने झाले. कणकवलीच्या घरी त्याच्या चपला अजून दारात आहेत. माझ्या हातून उचलल्या गेल्या नाहीत. रडू येत नाही म्हणून लोक म्हणतात, क्षमा सावरली. सावरले कसली? छातीवर वरवंटा ठेवल्यासारखं जड असतं दिवसभर. त्याची सवय झाली, इतकंच.

५ जानेवारी, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस. फरसाणच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे. एक दिवसाच्या सहली काढतात. मालक नंदकुमार सर फोनवरच असतात. जयंतीबाई बुकिंग बघतात. पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, पण दुपारी डब्यातलं अर्धं वालाचं बिरडं माझ्या ताटलीत ओतलं.

मला अक्षता नावाच्या मुलीची जागा मिळाली आहे. डिसेंबरात ती यायची बंद झाली. ड्रॉवरमध्ये तिचा कंगवा होता.

माझं काम तिवरोळी. मनोरीहून लाँचने दोन-अडीच तासांवर बेट आहे, अख्खं बेट राष्ट्रीय उद्यान. माणूस राहत नाही. वनखातं यंदा प्रथमच लोकांना सोडणार, तेही फक्त रविवारी आणि मोजक्यांना. आमची पहिली सहल १ फेब्रुवारीला, बत्तीस जणांची. परवाने, लाँच, भरती-ओहोटीच्या वेळा, जेवण, सगळं मी ठरवायचं. सर म्हणाले, झकास झालं पाहिजे.

९ जानेवारी, शुक्रवार

आठवडा मजेत गेला. पहाटे साडेपाचला बोरिवलीहून बस, मार्वेहून तरीने मनोरी, तिथून लाँच. जेवणाला पुरी-भाजी, केळीच्या पानात बांधून, कारण प्लॅस्टिक चालत नाही. बेटाला जेट्टी नाही. लाँच शंभर पावलं अलीकडे थांबते, पुढे गुडघाभर पाण्यातून चालायचं.

जयंतीबाईंना विचारलं, बेट कसं आहे? त्या दोनदा गेल्यात, पण म्हणाल्या, लाँचमधून खाली उतरले नाही. गुडघे दुखतात. त्यांचे गुडघे तर ठणठणीत दिसतात.

ऋतिकाने मला घेऊन चल म्हणून गळ घातली. बत्तिसावं नाव तिचं टाकलं. तिने माझ्या गालाचा असा पापा घेतला की चष्माच खाली पडला.

१३ जानेवारी, मंगळवार

आज पाहणीला जाऊन आले. समुद्र तेलासारखा शांत होता. बेट म्हणजे मधे उंचवट्यावर जंगल आणि भोवती तिवरांचं कडं. बगळे, धीवर, एक समुद्रगरुड पाहिला.

तिथले वनरक्षक कुंडलिक पाण्यात उभे होते, मांडीपर्यंत येणारे रबरी बूट घालून. हातात आणखी एक जोड. म्हणाले, बाई, हे घाला, मगच उतरा. बूट दहा नंबरचे. माझे दोन पाय एकात मावले असते. मी हसले, सलवार वर खोचली आणि उतरले.

पाणी गार होतं. चिखल मात्र कोमट. नुकतंच कोणी उठून गेलेलं अंथरूण असतं ना, तसा. घोट्यापर्यंत पाय रुतले. इतकं बरं वाटलं की काय सांगू. एवढ्या चिखलात एक खेकडा नव्हता, एक किडा नव्हता, हे नंतर ध्यानात आलं. कुंडलिकनी दंडाला धरून ओढलं तेव्हा मी मिनिटभर उभी असेन असं मला वाटलं. ते म्हणाले, पंधरा मिनिटं हाका मारतोय. मग गोड्या पाण्याचा अख्खा कॅन माझ्या पायांवर रिकामा केला आणि म्हणाले, लोकांना आणाल तर बुटांशिवाय आणू नका. मी सांगतो तर साहेब लोक हसतात.

येताना छाती हलकी होती. वरवंटा नाही. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत

बत्तीस जोड बूट भाड्याने सांगितले.

तिळाच्या वड्या केल्या. पाक पायाच्या बोटावर सांडला, टरारून फोड आला. अनुपमा किंचाळली म्हणून कळलं.

दुपारी फोनची जागा भरली म्हणून यज्ञेशचे फोटो पुसले. चारशेच्या वर होते. त्याचे बोललेले मेसेजही. अनुपमाने विचारलं, ताई, अगं काय करतेस? मी म्हटलं, जागा होत नव्हती. खरंच काही वाटलं नाही. बरंच वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी ऋतिका ओरडली. स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत लादीवर रक्ताची पावलं उमटली होती. माझी. बांगडीची काच तळव्यात आरपार घुसली होती आणि मी तशीच चहा करत फिरत होते.

डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. घोट्याच्या वर चार बोटांपर्यंत काही लागलं नाही. साखर नाही, चट्टे नाहीत. मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. मी म्हटलं बघू.

माशाचं कालवण आज पाण्यासारखं लागलं. इतरांना झणझणीत लागत होतं.

२१ जानेवारी, बुधवार

परवान्याची जुनी फाइल अक्षताच्या घरी राहिली होती, म्हणून जोगेश्वरीला गेले. तिच्या आईने, वनमालाबाईंनी दार उघडलं. त्यांच्या पायाला प्लास्टर होतं.

अक्षता खिडकीशी बसली होती. पंचवीस-सव्विसाची. वेणी घातलेली, पावडर लावलेली, चेहरा शांत. दोन्ही तळहातांना पट्ट्या. आई तिला चमच्याने वरणभात भरवत होत्या. सांगत होत्या, आता खूप गुणी झाली हो. लग्न मोडलं तेव्हा किती रडायची, जेवायची नाही. नोव्हेंबरात बेटावर जाऊन आली आणि रडणं थांबलं. आता तो मुलगा समोर आला तरी हिला काही नाही. तव्यावर हात ठेवला तरी काही नाही, म्हणून गॅस बंद करून ठेवते.

आई फाइल शोधायला आत गेल्या. अक्षता माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "उतरलीस?"

"हो."

"बरं वाटलं ना?"

मी हो म्हटलं.

"आधी दुखणारं जातं. ते बरंच असतं. मग बाकीचंही जातं. तिथे कोणी भूतबित नाही गं. नुसता चिखल आहे. आपण रिकामे होतो, तो ऊबदार होतो." मग म्हणाली, "पुढच्या पाहणीला आईला नेणार होते. तारीखपण ठरली होती."

का, विचारलं. ती म्हणाली, "नको न्यायला, असं काही वाटलंच नाही."

आई फाइल घेऊन आल्या आणि हसून म्हणाल्या, माझंच नशीब फुटकं, नेमका पाय मोडला.

जिना उतरताना भीती वाटली. वाटली याचाच आनंद झाला.

२३ जानेवारी, शुक्रवार

नंदकुमार सरांना सगळं सांगितलं. सहल रद्द करा म्हटलं, पाय दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, अक्षताचंही असंच झालं, तुम्ही बायका खाता-पिता काय? बुकिंग भरलंय.

जयंतीबाईंनी जिन्यात गाठलं. त्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी सरांसोबत बेट बघायला आलेला एक जण चिखलात उतरला. महिन्याभरात त्याने भरल्या घरातून उठून बायको-मुलांना सोडलं. भांडण नाही, काही नाही. माझ्यापासून लपवलं त्याची मला चीड यायला हवी होती. थोडी आली.

घरी आल्याआल्या ऋतिकाचं नाव खोडलं. ती रडली. अनुपमा म्हणाली, ताई, लेकराला आशा लावून असं करतात का? मी चिखलाचं सांगितलं. तिने माझं कपाळ चेपून दिलं, म्हणाली, तुला अजून दुःख झेपलेलं नाही.

दुःख. तेच तर नाहीये.

२५ जानेवारी, रविवार

कमरेपर्यंत आलं. बसले आहे की उभी, ते खाली बघून कळतं.

जोवर कळतंय तोवर लिहून ठेवते. ऋतिकाला न्यायचं नाही. कारण ती माझी भाची आहे. कारण ती जन्मली तेव्हा आईच्याही आधी मी घेतली होती. कारण हसताना तिच्या नाकाला सुरकुत्या पडतात. कारण मला ती

लिहून झाल्यावर वाचलं. सगळं खरं आहे. किराण्याच्या यादीसारखं खरं आहे.

२७ जानेवारी, मंगळवार

बुटांचा माणूस आला होता. बत्तीस जोड म्हणजे मोठं ओझं, लाँचमध्ये जागा अडते. रद्द केले.

एकतीस नावं होती. परवाना बत्तीसचा. रिकामी जागा बरी दिसत नाही. ऋतिकाचं नाव परत टाकलं.

कोणी करवून घेत नाही माझ्याकडून. मीच करते. नको म्हणणारं आत काही उरलेलं नाही, म्हणून होऊन जातं. भीती वाटायला हवी एवढं कळतं. पण कळणं वेगळं आणि —

३० जानेवारी, शुक्रवार

छातीपर्यंत. श्वास चालू असावा. आरशावर वाफ धरते.

यज्ञेशचं आडनाव आठवायला वेळ लागला. माझंच की.

३१ जानेवारी, शनिवार

जयंतीबाई घरी आल्या. नोकरी सोडली म्हणाल्या. अनुपमाचे हात धरून सांगितलं, पोरीला पाठवू नकोस, हिलाही नको. रडत होत्या. अनुपमा घाबरली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, खरं सांग. काही आहे का तिथे?"

मी म्हटलं, "काही नाही गं. त्या तशाच आहेत."

किती छान बोलले. हसलेसुद्धा. आरशात बघून बसवलेलं हसू.

ऋतिकाची बॅग भरून झाली. पिवळी टोपी, पाण्याची बाटली, दुर्बीण —

१ फेब्रुवारी, रविवार. लाँचवर

बत्तीस चढले. मोजले.

ऋतिका शेजारी. माझा हात धरलाय तिने. बघितलं तेव्हा कळलं.

जीभ सकाळपासून जड. लाँच चालवणाऱ्या तांडेलाला काही सांगायला गेले, नुसता आवाज —

बेट दिसलं. लोक टाळ्या वाजवतायत. ऋतिका दुर्बिणीतून बघून सांगतेय, मावशी, गरुड, गरुड.

थांबलो. कुंडलिक किनाऱ्यावरून दोन्ही हात हलवतायत, जोरजोरात. ओरडतायत. लोकांना वाटतं स्वागत. तेही हात हलवतायत.

पुढचे उतरले. कोणीतरी म्हणालं, अरे चिखल कसला गरम आहे यार — हसतायत. मग हसणं थांबलं. सगळे उभे. नुसते उभे. चेहरे छान. कुंडलिक पाण्यातून धावत येतायत, एकेकाला ओढतायत, ते हलत नाहीत —

ऋतिका लाँचच्या काठावर बसली. चपला काढल्या. पाय बाहेर. विचारतेय, मावशी, उतरू?

नाही म्हणायचं. तोंड उघडलं. आलं नाही. हात तिच्याकडे नेला, बोटं मिटत नाहीत, पेन्सिल तेवढी —

पुन्हा विचारतेय. माझ्याकडे बघतेय. थांबलीय ती. मी सांगेन ते ती ऐकते. पाय पाण्याच्या बोटभर वर. लिहून वही पुढे धरते तिच्या, वाचेल ती, मोठ्या अक्षरात

ऋतिका उतरू न