बाबांच्या कॉम्प्युटरचं बटण

तीर्थरूप आईस,
लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, दोन्ही वेळ नीट जेवते. तुझा गुडघा काय म्हणतोय?

बाबांच्या खोलीतला कॉम्प्युटर संध्याकाळी आपोआप सुरू होतो म्हणून घाबरू नकोस. मीच इथून इंटरनेटवरून चालू करते, त्याचा स्क्रीन मला इथे दिसतो. त्यांचं काही अडलं की मी असंच दुरुस्त करून द्यायची. आतला पंखा घरघरला की बाबा लगबगीनं यायचे आणि माउस गरागरा फिरवायचे. इकडे माझ्या स्क्रीनवर बाण नाचायचा. तेच त्यांचं ‘कशी आहेस गं?’

ते गेल्यापासून मी नुसता चालू करते आणि बघत बसते. बाण जागचा हलत नाही.

भिंतीवरचं बटण बंद असतं तर हे जमलंच नसतं. घरभर बटणं बंद करत फिरणारी तू, त्या एका बटणावरून बाबांशी किती भांडायचीस! तरी ते अजून चालूच ठेवलंयस.

आणि काल बाण जरासा हलला. धूळ पुसत होतीस ना?

उद्याही पूस, आई. मी बघत असेन.

तुझी,
धाकटी